आटपाडीच्या माळावरचं स्वतंत्रपूर

(दृश्य: सकाळ. आटपाडीबाहेरचा माळ, डाळिंबाची बाग, लांबवर मेंढरांचा कळप.)

हा माणदेश. सांगली जिल्ह्याचा दुष्काळी कोपरा. पाऊस हुकला की इथला मेंढपाळ कळप घेऊन मुलूख सोडतो. आटपाडी गावाजवळ, याच माळावर, काही घरं आहेत. घराला चूल आहे, दोरीवर लुगडी आणि पोरांचे शाळेचे सदरे वाळतायत, पुढं कसायला जमीन आहे. घरातला कर्ता पुरुष मात्र शिक्षा भोगणारा कैदी आहे. तो इथं बायकापोरांसह राहतो आणि शेती करतो.

या घरांतले चेहरे आपल्याला दिसणार नाहीत. इथल्या मुलांनी पडद्यावर ओळख द्यावी, असं काही त्यांनी केलेलं नाही.

वस्तीचं नाव स्वतंत्रपूर. ती वसवली औंध संस्थानानं, 1939 साली. पण ‘गुन्हा केलेल्या माणसाच्या हाताला काम द्या’ हा विचार त्याआधी ऐंशी-नव्वद वर्षं या देशात फिरत होता. तो कुठून कसा फिरत इथं पोचला, ते बघायला हवं. कारण त्या वाटेवर चांगलंही घडलं आणि फार वाईटही.

(दृश्य: जुन्या कायद्याच्या छापील पानावरून सरकणारा कॅमेरा.)

इंग्लंडात मेरी कार्पेंटर नावाच्या बाईंनी 1852 मध्ये ब्रिस्टलजवळ किंग्जवुडला सुधारशाळा काढली. चोरी करताना सापडलेलं पोर मोठ्या गुन्हेगारांबरोबर कोंडलं तर तुरुंगच त्याची शाळा होतो, हे त्यांचं म्हणणं. मग तिकडे कायदे झाले: 1854 ला सुधारशाळांचा, 1857 ला उद्योगशाळांचा. पहिली गुन्हा केलेल्या मुलांसाठी, दुसरी उघड्यावर पडलेल्या, उद्या गुन्ह्याकडे वळतील अशी भीती वाटणाऱ्या मुलांसाठी. 1866 साली कार्पेंटरबाई हिंदुस्थानात आल्या, तुरुंग पाहिले आणि मुलांची वेगळी सोय करा म्हणून सरकारच्या मागे लागल्या. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या देणगीवर अशी एक संस्था तोवर उभी होती. देशभरासाठी कायदा आला 1876 मध्ये, आणि 1897 मध्ये त्याची जागा नव्या कायद्यानं घेतली.

त्या कायद्यातलं एक कलम सावकाश वाचावं असं आहे. सुधारशाळेत काय काय असलंच पाहिजे, ते त्यात सांगितलंय. रात्री मुलांना वेगवेगळं ठेवायची सोय. स्वच्छता, पाणी, अन्न, कपडे, अंथरूण. हाताला धंदा शिकवायची साधनं. आजारी मुलासाठी खोली. लिहिणाऱ्याच्या मनात मुलाचं अंथरूण होतं, याचं मला आजही बरं वाटतं. पण दार बाहेरून बंद होतं, आणि ते तीन ते सात वर्षं बंद राहायचं. आत मूल सुतारकाम शिकायचं. ते मूल सुटून गावी गेल्यावर त्याला रंधा धरायला देणार कोण, याची काळजी कायद्यात फारशी दिसत नाही.

आणि मग या शाळांचं नाव एका क्रूर गोष्टीला जोडलं गेलं.

(दृश्य: पालं. विझलेली चूल. आवाज थोडा खाली.)

1871 चा गुन्हेगार जमातींचा कायदा. अख्खी जमातच जन्मानं गुन्हेगार, असं सरकारनं ठरवायचं आणि तिची नोंद करायची. 1911 मध्ये तो कायदा नव्यानं केला आणि मुंबई इलाख्यालाही लागू झाला. पारधी, कैकाडी, रामोशी, मांग गारुडी... सातारा-सांगलीच्या गावागावांतली ही माणसं. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. त्याच कायद्यानं सरकारला आणखी एक अधिकार दिला: या जमातींच्या मुलांना आईबापांपासून तोडून उद्योगशाळेत, शेतीशाळेत किंवा सुधारशाळेत ठेवायचा. मूल म्हणजे सहा वर्षांच्या वरचं आणि अठराच्या आतलं.

सहा वर्षांचं पोर. त्यानं गुन्हा केलेला नाही. त्याच्या आईनं केलेला नाही. तरी शाळेच्या नावानं त्याला उचलता येत होतं. ‘उद्योगशाळा’ हा शब्द आपल्याकडे अजूनही कौतुकानं उच्चारला जातो, म्हणून हे सांगणं भाग आहे.

शेजारच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1918 मध्ये ही हजेरी बंद केली. देशभरातून कायदा रद्द व्हायला 1952 साल उजाडलं.

(दृश्य: सातारा. अजिंक्यतारा, खाली शहर.)

आता साताऱ्याकडे. भाऊराव पाटील हा माणूस आधी विक्रेता होता. ओगलेवाडीची काच आणि किर्लोस्करवाडीचा लोखंडी नांगर विकत त्यांनी गावंच्या गावं पायाखाली घातली. हे दोन्ही कारखाने औंध संस्थानच्या हद्दीतले. नांगर विकायला गेलेल्या माणसाला कुणब्याचं घर आतून दिसतं: कर्ज दिसतं, शाळेबाहेर बसवलेलं पोर दिसतं. 4 ऑक्टोबर 1919 ला कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झालं. महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन पोरं एका पंगतीला. 25 फेब्रुवारी 1927 रोजी गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं.

काम इथंही होतं. मुलं स्वयंपाक करत, शेतात राबत, दगड वाहत. कमवा आणि शिका. लांबून पाहिलं तर सुधारशाळेतलीच कुदळ, तीच घमेली. फरक वसतिगृहाच्या धान्याच्या कोठीत आहे. कोठी रिकामी झाली तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी गळ्यातलं मंगळसूत्रही. मुलांना त्या आई होत्या. पळून जाऊ नये म्हणून पहारा ठेवायची वेळ या वसतिगृहावर आली नाही. पोरं उलट आत शिरायला धडपडत होती.

किर्लोस्करवाडीतही असंच काही चाललं होतं. 1910 मध्ये कुंडलच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभारला आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांना राखणीला घेतलं. ज्यांच्या भीतीनं कुलूप लावायचं, त्यांच्याच हाती किल्ली.

(दृश्य: औंध. यमाईचा डोंगर, संग्रहालय.)

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी. चित्रं काढणारे, शाळाशाळांतून सूर्यनमस्कार घालून घेणारे. 1939 च्या जानेवारीत त्यांनी गांधीजींच्या सल्ल्यानं राज्यघटना देऊन आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवली. त्याच काळात मॉरिस फ्रिडमन नावाचा पोलंडचा इंजिनिअर औंधला येऊन राहिला होता. बंगळूरचा कारखाना सोडून आलेला, भारतानंद म्हणून ओळखला जाणारा. कैद्यांना मोकळ्या माळावर आणायचं, शेती करू द्यायची, घरच्यांना सोबत राहू द्यायचं, ही कल्पना त्याची. राजांनी तिला जमीन दिली आणि राजपुत्र अप्पा पंतांनी बळ.

कुंपणापेक्षा बायकोचं आणि पोरांचं असणं माणसाला जास्त धरून ठेवतं, हा हिशेब त्यामागं होता. पेरलेल्या ज्वारीचंही तसंच. राखण करणारा माणूस रात्री उठून शेतात जातो, पळून जायला नाही, डुकरं हाकलायला. ज्या गुन्हेगाराचा त्याच्या घरच्यांनीही भरवसा सोडला होता, त्याच्यावर एका संस्थानानं तो टाकला.

आटपाडी तालुक्यातल्याच शेटफळ्यात जन्मलेल्या ग. दि. माडगूळकरांनी या मातीतली ही गोष्ट पटकथेत आणली. 1957 साली व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ पडद्यावर आला आणि आटपाडीचा माळ जगभर पोचला. सिनेमातले सहा कैदी आपल्याला पाठ आहेत. गावाचं नाव मात्र बहुतेकांना ठाऊक नसतं.

(दृश्य: संध्याकाळ. पुन्हा तीच घरं. कुणी मोठ्यानं हाक मारतं, एक पोर घराकडे पळतं.)

औंध संस्थान 1948 मध्ये विलीन झालं. राजे गेले, फ्रिडमन गेले. वस्ती राहिली. राज्याच्या कारागृह विभागाच्या यादीत मोठमोठ्या मध्यवर्ती कारागृहांच्या सोबत आजही तिची नोंद आहे. नावापुढं कारागृह हा शब्द नाही. तिथं लिहिलंय: स्वतंत्रपूर खुली वसाहत, आटपाडी.