स्नॅपच्या आधीचे पंधरा सेकंद

नमस्कार, श्रोतेहो.

अमेरिकन फुटबॉल पाहताना आपली नजर चेंडूमागे, म्हणजे आक्रमणाचा डाव चालवणाऱ्या, पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकमागे धावते. आज मात्र त्याच्यासमोर काही यार्डांवर उभ्या असलेल्या माणसाकडे बघूया. त्याला मिडल लाइनबॅकर म्हणतात. मी बोलणार आहे ल्यूक कीकलीबद्दल, एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधल्या कॅरोलायना पँथर्स संघाच्या ५९ नंबरबद्दल.

आक्रमणाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं, आणि बचावाने ते होऊ द्यायचं नसतं. बचाव करणाऱ्या अकरा जणांपैकी फक्त एकाच्या, बहुधा मिडल लाइनबॅकरच्याच, हेल्मेटमध्ये छोटा स्पीकर असतो. हेल्मेटच्या मागच्या हिरव्या ठिपक्यावरून तो ओळखू येतो. प्रशिक्षक त्याच्या कानात डाव सांगतात; पण डाव सुरू करण्यासाठी दिलेल्या वेळेच्या घड्याळात पंधरा सेकंद उरले की तो आवाज बंद होतो. तिथून पुढे, चेंडू हलेपर्यंत, म्हणजे स्नॅप होईपर्यंत, सगळं त्या एका माणसाच्या डोक्यावर. कीकलीची खरी कारकीर्द घडली ती या सेकंदांत, असं मला वाटतं.

तो काय बघायचा? समोरच्या गार्डचा, म्हणजे आक्रमणाच्या पुढच्या फळीतल्या खेळाडूचा, भार जमिनीवर टेकलेल्या हातावर आहे का? असेल तर बहुधा धावण्याचा डाव. तोच गार्ड मागे रेलून बसला असेल तर पासची शक्यता जास्त. चेंडू घेऊन धावणारा रनिंग बॅक किती मागे उभा आहे, फळीच्या टोकाला उभा राहणारा टाइट एंड कोणत्या बाजूला गेला, हेही जोडून बघायचं. कबड्डीत चांगला कोपरारक्षक चढाईपटूच्या पायाआधी त्याची कंबर वाचतो, तसंच हे. मग कीकली हात करून ओरडायचा, पुढच्या फळीला सरकवायचा, आणि कित्येकदा समोरचा डाव तो सुरू होण्याआधीच जाहीर करायचा. यात चमत्कार काही नव्हता. प्रतिस्पर्ध्यांची चित्रफीत तो तासन्‌तास बघत बसे.

तो सिनसिनाटीचा. बोस्टन कॉलेजातून २०१२च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात तिथे, नवव्या क्रमांकावर निवडला गेला. पहिल्याच वर्षी बचावातला सर्वोत्तम नवोदित, दुसऱ्या वर्षी अख्ख्या लीगमधला सर्वोत्तम बचावपटू. पँथर्सचे मुख्य प्रशिक्षक रॉन रिव्हेरा स्वतः जुने लाइनबॅकर, १९८५च्या शिकागो बेअर्समधले. शेजारी थॉमस डेव्हिस, एकाच गुडघ्याचा लिगामेंट तीनदा फाटूनही परतलेला. अशा शाळेत तो वाढला.

२०१३मध्ये न्यू ऑर्लिन्सविरुद्ध त्याच्या नावावर एका सामन्यात २४ टॅकलची नोंद झाली. पण मला त्याहून मोठा वाटतो तो २०१५चा, थँक्सगिव्हिंगच्या दिवशीचा डॅलसमधला सामना. डॅलसचा क्वार्टरबॅक टोनी रोमोचे लागोपाठ दोन पास त्याने पकडले, आणि त्यातला पहिला थेट टचडाउनपर्यंत, म्हणजे समोरच्या शेवटच्या रेषेपलीकडे, नेला. टॅकल म्हणजे धाव सुरू झाल्यावर तिला थांबवणं. हे म्हणजे चेंडू कुठे येणार ते आधीच ओळखून तिथे हजर राहणं. त्या हंगामात पँथर्सनी सोळापैकी पंधरा सामने जिंकले. सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, मात्र डेन्व्हरने नेला.

आता ज्या गोष्टीमुळे मला हा खेळाडू अधिकच मोलाचा वाटतो, ती सांगतो. २०१५, २०१६ आणि २०१७ अशी सलग तीन वर्षं त्याच्या मेंदूला आघात झाले. नोव्हेंबर २०१६मध्ये तो मैदानावर हुंदके देत होता, श्वास लागत नव्हता, आणि त्याला गाडीवरून बाहेर न्यावं लागलं. लाखो लोकांनी ते थेट पाहिलं. कीकलीची निवड झाल्यावर आठवड्याभरातच, मे २०१२च्या सुरुवातीला, थोर लाइनबॅकर ज्युनिअर साओ यांनी आपलं आयुष्य संपवलं होतं. वीस हंगाम खेळलेल्या साओंच्या मेंदूत वारंवारच्या आघातांनी होणारा सीटीई हा आजार नंतरच्या तपासणीत आढळला.

जानेवारी २०२०मध्ये, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, कीकली थांबला. वेगाने, ताकदीने, अंगावर जाऊन खेळणं हीच आपली रीत. ती आता जमेल की नाही याची खात्री नाही, असं त्याने डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. तो तेव्हाही लीगमधल्या सर्वोत्तम लाइनबॅकरांपैकी एक होता. म्हणून मला त्याचा निर्णय धाडसाचा वाटतो. ज्या डोक्याने तो समोरचा डाव वाचायचा, तेच डोकं प्रत्येक टक्करीत पणाला लागत होतं, आणि ते त्याने वेळेवर ओळखलं.

त्याच वर्षी पँथर्सनी त्याला खेळाडूंची पारख करण्याच्या कामावर घेतलं. पुन्हा चित्रफिती, पुन्हा तासन्‌तास बघणं. फक्त आता टक्कर नव्हती.