आर्वीची तबकडी

[दृश्य: गच्चीवर डिश बसवणारा तरुण]

जुन्नर तालुक्यातलं घर. डिशचं तोंड आग्नेयेला. त्याचे हात बघा. नट अर्धवट सैल, डिश केसभर सरकवायची, संकेताचा जोर मोजणाऱ्या फाइंडरवरचा आकडा चढला की पाना आवळायचा. डीडी फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंच. दोन-तीन अंश चुकले, तर पडदा कोरा.

[दृश्य: नारायणगावचे डोंगर, जुनी छायाचित्रं]

हेच काम इथून जवळ, आर्वीत, अवाढव्य मापात झालं. पुणे जिल्ह्याला सातासमुद्रापार बोलायची सवय तशी जुनी. १९२७ पासून खडकीहून इंग्लंडला बिनतारी संदेश जायचे, तिकडचे दौंडला उतरायचे. पण त्या लघुलहरी आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परतायच्या. तो थर बिघडला की संपर्क खुंटला.

उपग्रहाला ही अडचण नव्हती. त्याला हवं होतं जमिनीवरचं भक्कम केंद्र. ते आपल्याच अभियंत्यांनी उभारावं, हा विक्रम साराभाईंचा आग्रह. आर्वीत जवळजवळ ३० मीटर व्यासाची तबकडी उभी राहिली, हिंदी महासागरावरच्या, इंटेलसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या उपग्रहाकडे रोखलेली. डिसेंबर १९७१ मध्ये साराभाई गेले. केंद्राला नाव मिळालं ‘विक्रम’.

[दृश्य: तबकडीचा सांगाडा, जवळून]

एवढी मोठी कशाला? वरून येणारा संदेश जमिनीवर पोचेपर्यंत अब्जांश वॅटहूनही क्षीण होतो. तबकडी तो गोळा करून एका बिंदूवर आणते, तिथून पुढे तो वाढवायचा. त्या पिढीच्या मोठ्या केंद्रांत संदेश वाढवणारा हा पहिला अॅम्प्लिफायर हेलियमने गारठवून ठेवत, कारण यंत्राच्या स्वतःच्या उष्णतेचा गोंगाटही संदेश गिळायचा. शिवाय उपग्रह जागच्या जागी किंचित डुलतो आणि तबकडीचा झोत अंशाच्या छोट्या भागाएवढा अरुंद. म्हणून इतकं लोखंड रात्रंदिवस त्याच्या मागे वळवत राहायचं. उपग्रह उडताना सगळा देश बघतो. हे वळवणाऱ्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत, ती ठाऊक असायला हवीत.

[दृश्य: लक्षद्वीपचा नकाशा]

तबकडीची गरज अजून संपलेली नाही. जानेवारी २०२४ मध्ये कोचीहून समुद्राखालची केबल सुरू होईपर्यंत लक्षद्वीपचं फोन-इंटरनेट उपग्रहावरच होतं, तेही अपुरं. ती केबल तुटलीच, तर बेटांवरची तबकडी पुन्हा कामाला लागते.