नळी नाकात असतानाचा आकडा

श्रोतेहो, नमस्कार. रुग्णालयाच्या अभिलेख विभागात, म्हणजे ज्याला आपण रेकॉर्ड रूम म्हणतो तिथे, माझी नोकरी झाली. मध्यंतरी परभणीजवळच्या एका खेड्यातून एक तरुण आपल्या आईची फाईल घेऊन माझ्याकडे आला. पऱ्हाट्या आणि गोवऱ्यांच्या चुलीपुढे जन्म गेलेल्या त्या बाईंची फुफ्फुसे निकामी होत आलेली, आणि वर्षभरापासून त्यांच्या खाटेशी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतला ऑक्सिजन वेगळा करून देणारे मशीन, घरघरत असतो. तरीही विम्याचा दावा परत आला होता, कारण डिस्चार्ज कार्डावर एवढेच लिहिले होते : ‘ऑक्सिजन ९६ टक्के, प्रकृती स्थिर.’ तपासणाऱ्याने विचारले, ९६ असताना घरी मशीन कशाला? वास्तविक रक्तातल्या ऑक्सिजनचा तो आकडा मिनिटाला २ लिटर ऑक्सिजन चालू असतानाचा होता. नळी काढली की तो ८५ वर येत असे. वॉर्डातल्या सिस्टरांना हे पाठ होते, पण कार्डावर ते उतरलेच नाही.

रुग्ण शांत बसलेला असताना, साध्या हवेवर, ऑक्सिमीटर ८८ किंवा त्याहून कमी दाखवत असेल, अथवा धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत प्राणवायूचा दाब ५५ मिलिमीटर पारा किंवा त्याखाली असेल, तर घरी दीर्घकाळ ऑक्सिजन देण्याचा विचार होतो. हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण आलेला असल्यास ५९ पर्यंतचा दाबही धरला जातो. म्हणून आकड्याच्या शेजारी ‘साध्या हवेवर’ की ‘ऑक्सिजनवर’ हे दोन शब्द नसतील, तर तो आकडा निरुपयोगी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. बोट गार असेल किंवा नखांना रंग असेल तर ऑक्सिमीटरही फसवतो. बोट चोळून, क्षणभर थांबून मगच वाचावे.

आता आजारांच्या सांकेतिक क्रमांकांविषयी, म्हणजे कोडविषयी. जगभर आजारांना सांकेतिक क्रमांक देण्याची जी आयसीडी-१० पद्धत आहे, तिच्यात यंत्रावरच्या अवलंबनासाठी झेड ९९ हा गट आहे. ऑक्सिजनवर अवलंबून असलेल्यांसाठी झेड ९९.८१ असा नेमका क्रमांक मात्र अमेरिकी आवृत्तीतच आढळतो. पण हा क्रमांक केवळ अवस्था सांगतो, कारण सांगत नाही. कारणासाठी जुनाट श्वसन-निकामीपणाचा जे ९६.१ आणि त्यामागचा मूळ आजार, उदाहरणार्थ सीओपीडीचा, म्हणजे श्वासमार्ग अरुंद होत जाण्याच्या जुनाट आजाराचा, जे ४४ किंवा बऱ्या झालेल्या क्षयाने मागे ठेवलेल्या व्रणांचा बी ९०, यांची नोंद हवी. कोड लावणारा कारकून स्वतःच्या मनाने निदान करू शकत नाही. डॉक्टरांनी नुसता ‘दम लागतो’ एवढाच शेरा मारला, तर त्याला दम्याचाही कोड लावता येत नाही. न्यूमोनियासाठी चार दिवस दिलेला ऑक्सिजन म्हणजे अवलंबन नव्हे, हेही इथेच सांगून टाकतो.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिनिटाला किती लिटर, दिवसातून किती तास आणि झोपेत व चालताना किती, हे असावे. दीर्घ उपचारात साधारणपणे दिवसाला किमान १५ तास अपेक्षित असतात. आपल्याकडे लाईट जाते, आणि कॉन्सन्ट्रेटर विजेशिवाय चालत नाही. तेव्हा राखीव सिलिंडरचाही उल्लेख त्याच चिठ्ठीवर करून घ्यावा. दीड हजार लिटरचा भरलेला सिलिंडर २ लिटरच्या वेगाने साडेबारा तास पुरतो, हा हिशेब घरातल्या प्रत्येकाला यायला हवा.

त्या तरुणाच्या फाईलमध्ये शेवटी सिस्टरांचा तक्ता सापडला. पहाटे ६ वाजता, नळी काढून, ८५ : बारीक अक्षरात, पण वेळ आणि सही यांसह. जुन्या ओळीवर खाडाखोड न करता, डॉक्टरांनी त्या तक्त्याच्या आधारे आजच्या तारखेची पुरवणी नोंद लिहून दिली, आणि त्याने दोन्ही कागदांच्या झेरॉक्स दाव्याला जोडल्या.