फिरतीवरच्या माणसाचा परतीचा प्रवास

(औद्योगिक वसाहतीतील मनुष्यबळ, प्रशासन आणि सुरक्षा विभागांच्या अधिकाऱ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

कर्मचाऱ्यांच्या प्रवासातल्या सुरक्षिततेचा विषय निघाला की परदेश दौरे, व्हिसा, दंगली, साथीचे आजार यांची चर्चा आधी होते. या विषयावर आयएसओ ३१०३० हे २०२१ चं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मानकही आहे, ते जरूर वाचा. पण आपल्याकडची बहुतेक फिरती चाकण ते वाळूज, सातपूर ते तारापूर, बुटीबोरी ते चंद्रपूर अशी असते आणि ती रस्त्याने होते. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यात सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. म्हणून आज मी रस्त्याबद्दलच बोलणार आहे, आणि त्यातही परतीच्या रस्त्याबद्दल.

एक साधा दिवस घेऊ. चाकणच्या सर्व्हिस इंजिनिअरला वाळूजला मशिन बंद पडल्याचा फोन येतो. तो पहाटे साडेचारला उठतो, सव्वापाचला निघतो, दहाच्या सुमारास गेटवर पोचतो. गेटपास, सुरक्षेचं माहितीसत्र यात तास जातो. मशिन संध्याकाळी सातला चालू होतं. सही-शिक्के घेऊन साडेसातला तो स्वतः गाडी चालवत परत निघतो. साडेनऊला अहिल्यानगरच्या आसपास असताना त्याला जागं होऊन सतरा तास झालेले असतात. अजून शंभराहून जास्त किलोमीटर बाकी, आणि शेवटचा टप्पा शिक्रापूर-चाकण, म्हणजे कंटेनर आणि ट्रेलरच्या गर्दीचा.

सतरा तास सलग जागा असलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्याइतकी मंदावते, हे प्रयोगांनी दाखवलेलं आहे. आपल्या कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. दारू न प्यायलेला हा माणूस त्या मर्यादेच्या पलीकडच्या अवस्थेत गाडी चालवतोय, आणि त्याला तसं कुणीही थांबवणार नाही. ताशी ८० किलोमीटरला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी लागली तर जवळजवळ ९० मीटर ती कुणीच चालवत नसतं. काच खाली करून, गाणी मोठ्याने लावून झोप जात नाही. चहा-कॉफी घेऊन वीस मिनिटं झोपलं तर थोडा वेळ फरक पडतो, पण तो तासाभराच्या रस्त्यापुरता उपाय आहे, रात्रभराचा नाही.

आता या दिवसात चूक कुणाची? माझं स्पष्ट मत आहे की ड्रायव्हिंग सीटवर बसण्याआधीच ती झालेली होती. सकाळी फोन घेणाऱ्याने 'आज जाऊन आज ये' असं गृहीत धरलं, तिथे. मुक्कामासाठी मॅनेजरची मंजुरी लागते आणि संध्याकाळी सातनंतर मॅनेजर फोन उचलत नाही, तिथे. आणि भत्त्याच्या तक्त्यातही. मुक्काम केला तर हॉटेलच्या मर्यादेपेक्षा जास्त झालेले पैसे खिशातून जातात आणि घरी परतलं तर पूर्ण दिवसाचा डीए, म्हणजे दैनिक भत्ता, मिळतो, असा तक्ता असेल तर माणूस परतणारच. तुमचं प्रवास धोरण एकदा या एकाच नजरेने वाचा: रात्री गाडी चालवण्याचे पैसे आपण कुठे देतोय?

नियम साधा ठेवा. उठल्यापासून मुक्कामी पोचेपर्यंत चौदा तास. त्यापलीकडे जाण्याची शक्यता दिसली की मुक्काम. तो ठरवण्याचा अधिकार साइटवरच्या माणसाकडे, मंजुरी नंतर, आणि ती नाकारायची नाही. नेहमी काम पडतं त्या गावांत दोन-दोन हॉटेलं आधी बघून ठेवा. रात्रभर काउंटरवर माणूस, आवारात पार्किंग, खोलीला आतून नीट लागणारी कडी, बिल थेट कंपनीला. साइटवर थकलेल्या माणसाला रात्री आठला हॉटेल शोधायला लावलं, तर तो गाडीच सुरू करेल.

भाड्याची गाडी दिली म्हणजे प्रश्न मिटला असं समजू नका. थकवा फक्त एका माणसावरून दुसऱ्यावर गेला. ड्रायव्हर दिवसभर गेटबाहेर उन्हात गाडीत बसून होता, ती विश्रांती नव्हे. मोटार वाहतूक कामगारांसाठीच्या १९६१ च्या जुन्या कायद्यात दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती हे सूत्र होतं. तेच कॅबवाल्याबरोबरच्या करारात लिहा. मुक्काम असेल तर ड्रायव्हरच्या खोलीचं बिलही द्या. आपला साहेब हॉटेलात आणि ड्रायव्हर डासांत गाडीच्या सीटवर, ही पद्धत अमानुष आहे आणि दुसऱ्या दिवशी साहेबाच्याही जिवावर येते.

गाडी आली की आधी नंबर प्लेट बघा. भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी, अक्षरं काळी. ओळखीचा म्हणून पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेतली तर अपघातानंतर विमा कंपनी दावा अडवू शकते, कारण खासगी पॉलिसीत भाड्याचा वापर बसत नाही. कर्मचारी स्वतःची गाडी कामाला वापरत असेल तरी पॉलिसीतलं वापराचं कलम वाचा. नमुने आणि वैयक्तिक सामान चालतं, पण डिक्कीत गिअरबॉक्सचे सुटे भाग नेले तर वाद होऊ शकतो.

मग टायर. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक दिसली तरी जुना रबर कडक होतो. नक्षीची कायदेशीर किमान खोली १.६ मिलिमीटर आहे. पावसाळ्यात मी ३ च्या खाली गाडी नाकारायला सांगते. टायरमधली हवा प्रवासाला निघण्याआधी, टायर थंड असताना मोजायची, आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो. कमी हवेचा टायर फिरताना दबून तापतो, आणि समृद्धी महामार्गासारख्या सरळ, तापलेल्या काँक्रीटवर तासनतास वेगात चालला की फुटतो.

मागच्या सीटचा पट्टा. तो नियमाने सक्तीचा आहेच, तरी बहुतेक कॅबमध्ये तो लावताच येत नाही, कारण सीट कव्हर चढवताना बकल खाली दाबून टाकलेलं असतं. गाडी स्वीकारणाऱ्याने हात घालून ते वर काढायचं, निघत नसेल तर गाडी परत. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. मागे बसलेले दोघे, मिस्त्री धरून, गेले, त्यांनी पट्टा लावला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं. पुढचे दोघे वाचले. गाडी चांगली होती, एवढं लक्षात घ्या. लॅपटॉप, टूलकिट, नमुन्यांची पेटी डिक्कीतच. मागच्या सीटवर ठेवल्या तर धडकेत या वस्तू मागून डोक्यावर येतात.

अपघात झालाच तर काय, हे प्रत्येकाच्या खिशात कागदावर हवं, कारण फोन फुटलेला असू शकतो. ११२ आणि १०८ सगळीकडे. १०३३ ही राष्ट्रीय महामार्गांची हेल्पलाइन. पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग आणि समृद्धी हे एमएसआरडीसीचे, म्हणजे राज्य रस्ते विकास महामंडळाचे, त्यांचे क्रमांक वेगळे लिहा. २०२५ च्या केंद्राच्या योजनेनुसार अपघातग्रस्ताला नेमून दिलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळतात. ॲडव्हान्ससाठी कुणी अडवलं तर हे सांगता आलं पाहिजे. आणि कंपनीत रात्री अकराला फोन उचलणारा माणूस नावानिशी ठरलेला हवा. निघताना त्याला एक मेसेज, पोचल्यावर एक. ठरल्या वेळेनंतर तासाभरात मेसेज आला नाही तर त्याने फोन करायचा, उत्तर नसेल तर ड्रायव्हरला, मग हॉटेलला, मग ११२ ला. नुसता व्हॉट्सॲप ग्रुप पुरत नाही. दुसरं कुणीतरी बघेल असं तिथे प्रत्येकालाच वाटतं.

कायद्याचं थोडक्यात. 'नोकरीमुळे आणि नोकरीच्या ओघात' झालेल्या अपघाताची भरपाई हे १९२३ च्या जुन्या कायद्याचं सूत्र २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कामानिमित्त भेट दिलेली जागा आणि कंपनीने दिलेली गाडी हेही कामाचं ठिकाणच. ग्राहकाच्या कारखान्यात किंवा कॅबमध्ये काही घडलं तर आपल्या कर्मचारी स्त्रीने तक्रार कुठे करायची, हे तिला जाण्याआधी माहीत हवं. त्यावर 'मग बायकांना टूरवर पाठवू नका' हा तोडगा मला मान्य नाही. त्यात धोका जिथल्या तिथे राहतो आणि बढती फक्त तिची अडते.

आता प्रश्न आला आहे की सुरुवात कुठून करायची, वर्षाला किती जण रात्री गाडी चालवतात याची आमच्याकडे नोंदच नाही. नोंद आहे. अकाउंट्सकडे जा. कंपनीच्या गाड्यांची फास्टॅगची विवरणपत्रं आणि प्रवास बिलांना जोडलेल्या टोलच्या पावत्या, मागच्या तीन महिन्यांच्या, काढा. प्रत्येक नोंदीवर नाक्याचं नाव आणि वेळ असते. रात्री दहा ते पहाटे पाचमधल्या नोंदी वेगळ्या करा, माणसागणिक आणि ग्राहकागणिक लावा. सहसा दोन-चार ग्राहक आणि तीन-चार माणसंच पुन्हापुन्हा दिसतील. त्या ग्राहकांशी कामाची वेळ आणि मुक्कामाचा खर्च यावर आधी बोला, आणि त्या माणसांच्या पुढच्या टूरचं हॉटेल आजच बुक करा.