विमानांचा हिशेब आणि वॉल स्ट्रीटवरची सीट

[दृश्य : न्यूयॉर्कमधील ब्रॉड स्ट्रीट. शेअर बाजाराच्या इमारतीचे दगडी खांब. सकाळची वर्दळ.]

२८ डिसेंबर १९६७ रोजी न्यूयॉर्क शेअर बाजाराने म्यूरिएल सीबर्ट यांना सभासद करून घेतले. बाजार स्थापन होऊन तेव्हा १७५ वर्षे झाली होती आणि तोवर एकाही स्त्रीने तेथील सभासदत्व विकत घेतले नव्हते. त्या दिवसापासून सभासदांत १,३६५ पुरुष आणि एक स्त्री अशी मोजणी सुरू झाली. सीबर्ट यांचे नाव बहुतेक वेळा या एका नोंदीपुरतेच घेतले जाते. आम्हाला त्या नोंदीच्या आधीची तेरा वर्षे अधिक मोलाची वाटतात, कारण सभासदत्वाची किंमत मोजण्याइतकी मिळकत त्यांनी त्याच काळात, विमानकंपन्या आणि विमाने बांधणाऱ्या कारखान्यांचे शेअर विकून उभी केली.

[दृश्य : क्लीव्हलँड शहर, जुनी छायाचित्रे.]

म्यूरिएल सीबर्ट यांचा जन्म १९२८ साली ओहायो राज्यातील क्लीव्हलँड येथे झाला. जवळची माणसे त्यांना मिकी म्हणत. वडील दंतवैद्य होते. त्यांना कर्करोग झाला आणि घरची परिस्थिती पालटली, तेव्हा म्यूरिएल यांना विद्यापीठातले शिक्षण पदवीविनाच सोडावे लागले. त्याआधी एकदा मैत्रिणींबरोबर न्यूयॉर्कला सहलीला आलेल्या असताना त्यांनी प्रेक्षकांच्या सज्जातून शेअर बाजाराचे सौदे पाहिले होते. पाहुण्यांना आठवण म्हणून भावफीत, म्हणजे शेअरचे भाव छापले जात ती फीत, देण्याची तिथे पद्धत होती, आणि त्या अरुंद कागदी फितीवर स्वागताच्या शब्दांसोबत त्यांचे नाव छापून आले होते.

१९५४ मध्ये एक जुनी स्टुडबेकर मोटार आणि पाचशे डॉलर एवढ्या भांडवलावर त्या न्यूयॉर्कला आल्या. पदवी नसल्यामुळे शेअर दलालीच्या एका मोठ्या पेढीने त्यांना परत पाठवले. पुढच्या ठिकाणी, बॅश अँड कंपनीत, त्यांनी पदवी असल्याचे सांगितले आणि आठवड्याला पासष्ट डॉलर पगारावर संशोधन विभागात शिकाऊ म्हणून त्यांची नेमणूक झाली. ते सांगणे खोटे होते, आणि पुढे त्यांनी स्वतःच ते उघडपणे मान्य केले. त्यांच्या कर्तृत्वाविषयी आदर बाळगतानाही ही गोष्ट झाकून ठेवू नये, असे आम्हाला वाटते.

[दृश्य : पंख्यांची प्रवासी विमाने. त्यानंतर धावपट्टीवरून उडणारे जेट विमान.]

त्या काळी अशा पेढीत प्रत्येक विश्लेषकाकडे ठरावीक उद्योग सोपवलेले असत. नवख्या माणसाच्या वाट्याला ज्येष्ठांना नकोसे झालेले उद्योग येत. सीबर्ट यांच्या वाट्याला चित्रपट आणि दूरचित्रवाणी आली, तशाच विमानकंपन्याही आल्या. वाहतूक म्हटले की त्या वेळच्या गुंतवणूकदाराच्या डोळ्यांसमोर रेल्वे उभी राहत असे. रेल्वेकडे जमीन होती, रूळ होते आणि कित्येक दशकांचे हिशेब होते. विमानकंपनीकडे मात्र कर्जाने घेतलेली विमाने असत आणि त्यांच्या जोडीला पुढच्या वर्षाची अनिश्चितता.

हे चित्र फार लवकर बदलले. ऑक्टोबर १९५८ मध्ये पॅन अमेरिकनचे बोइंग ७०७ प्रवाशांना घेऊन न्यूयॉर्कहून पॅरिसला गेले. जुन्या पंख्यांच्या विमानांपेक्षा त्याचा वेग दीडपटीहून अधिक होता आणि त्यात माणसेही कितीतरी जास्त बसत. एका विमानाच्या दिवसभरात अधिक फेऱ्या होऊ लागल्या, प्रत्येक फेरीत अधिक तिकिटे विकली जाऊ लागली, आणि हा सारा उद्योगच वेगळ्या मापाने तोलावा लागला.

विमानकंपनीचा ताळेबंद वाचणे हे एक स्वतंत्र कसब आहे. निम्मे विमान रिकामे गेले तरी इंधनाचा आणि वैमानिकांचा खर्च फारसा कमी होत नाही, म्हणून किती आसने भरली म्हणजे फेरी तोट्यातून बाहेर येते, हा आकडा आधी शोधावा लागतो. विमानाच्या किमतीचा घसारा, म्हणजे वापराने होणारी घट, एक कंपनी कमी वर्षांत दाखवते आणि दुसरी जास्त वर्षांत; त्यामुळे सारखीच विमाने, सारखेच मार्ग असूनही दोघींचा नफा कागदावर निराळा दिसतो. शिवाय अमेरिकेत १९७८ पर्यंत देशांतर्गत भाडी आणि मार्ग सरकारी मंडळ ठरवत असे, त्यामुळे त्या मंडळापुढे कोणते अर्ज पडले आहेत यावरही नजर ठेवावी लागे. हे सगळे समजून घेऊन ते निधी व्यवस्थापकाला, म्हणजे लोकांचे एकत्र केलेले पैसे गुंतवणाऱ्याला, पटेल अशा शब्दांत मांडणारी माणसे थोडी होती, आणि सीबर्ट त्यांतल्या एक झाल्या.

विक्रीकडे त्यांना खेचून आणले ते त्यांच्या एका अहवालाने. एका गुंतवणूक संस्थेने दूरध्वनी करून कळवले की तुमच्या अहवालामुळे आम्हाला नफा झाला आहे, तेव्हा तुम्हाला एक ऑर्डर द्यायची आहे. अमेरिकेत संशोधनाची किंमत अशीच चुकवली जात असे. अहवाल फुकट मिळे, आणि तो उपयोगी पडला की ग्राहक आपल्या खरेदी-विक्रीचा सौदा त्या पेढीमार्फत करी; पेढीला दलाली मिळे आणि तिचा काही हिस्सा विक्री करणाऱ्याला. सीबर्ट यांनी शेअर विकण्यासाठी आवश्यक ती नोंदणी करून घेतली. त्यानंतर अहवाल लिहिणे आणि त्याच्या आधारे शेअर विकणे ही दोन्ही कामे त्या एकटीने करू लागल्या.

[दृश्य : जुन्या क्लबांच्या इमारती. बंद दरवाजे.]

येथे त्या व्यवसायाची एक रीत सांगितली पाहिजे. मोठ्या सौद्यांची बोलणी बहुधा दुपारच्या जेवणावर होत आणि ती जेवणे क्लबांमध्ये होत. अनेक क्लबांत स्त्रियांना मुख्य दाराने प्रवेशच नव्हता. अशा एका बैठकीला सीबर्ट पोहोचल्या, तेव्हा त्यांना उद्वाहन वापरू दिले नाही आणि स्वयंपाकघरातून मागच्या जिन्याने वर जायला सांगितले. ज्या उद्योगाची माहिती त्या खोलीत त्यांच्याइतकी फार थोड्यांना असेल, त्याच उद्योगाविषयी बोलायला त्या भांड्यांच्या मांडण्यांमधून वाट काढत गेल्या. ही हकिगत वाचताना आजही मनाला लागते.

पगाराची गोष्ट याहून निराळी नव्हती. तेच काम करणाऱ्या पुरुषांना जास्त पैसे मिळतात, हे लक्षात आले की त्या नोकरी बदलत. नोकरीसाठी पूर्ण नावाने पाठवलेल्या माहितीपत्राला उत्तर आले नाही. तेच माहितीपत्र आद्याक्षरांवर, ‘एम. एफ. सीबर्ट’ म्हणून गेले आणि मुलाखतीचे बोलावणे आले. साठच्या दशकात त्या लहान पेढ्यांमध्ये भागीदार झाल्या आणि त्यांच्या ग्राहकांत मोठमोठे निधी होते. तरीही आपण आणलेल्या सौद्यांचे पूर्ण श्रेय आणि पूर्ण पैसे देईल अशी मोठी पेढी त्यांना सापडेना.

[दृश्य : १९६० च्या दशकातील बाजाराचे सभागृह, कागदांनी भरलेली फरशी.]

अशा वेळी त्यांनी आपले एक ग्राहक, निधी व्यवस्थापक जेरल्ड त्साय, यांना विचारले की मला बरोबरीने पैसे मिळतील अशी कोणती पेढी आहे. अशी पेढी नाही, तुम्ही स्वतःच सीट विकत घ्या, असे त्साय यांनी सुचवले.

सीट म्हणजे बाजारात सौदे करण्याचा सभासदाचा हक्क. मुंबईच्या शेअर बाजारात जुन्या मंडळींच्या तोंडी ज्याला ‘कार्ड’ म्हणत, तोच हा प्रकार. त्या काळी न्यूयॉर्कमध्ये दलालीचे दर बाजारानेच बांधून दिलेले होते आणि ती दलाली सभासद पेढीकडेच जात असे. सभासद नसलेला विक्रेता कितीही मोठा ग्राहक घेऊन आला, तरी त्याच्या हाती काय पडायचे ते पेढी ठरवी. हे लक्षात घेतले म्हणजे सीबर्ट यांनी एवढ्या मोठ्या रकमेचे धाडस का केले, ते कळते.

अर्जाला अनुमोदक लागत असत, आणि त्यांनी विचारलेल्या पहिल्या नऊ जणांनी नकार दिला. त्या सीटची किंमत ४,४५,००० डॉलर होती. बाजाराने त्यांच्याकडे एक नवीच मागणी केली : यांपैकी तीन लाख डॉलर आम्ही कर्जाऊ देऊ, असे बँकेचे पत्र आणा. असे पत्र आधी कोणाही पुरुषाकडे मागितले गेले नव्हते. बँका म्हणत, बाजाराने आधी सभासदत्व द्यावे, मग आम्ही पत्र देऊ. आणि बाजार म्हणे, आधी पत्र. ही कोंडी कित्येक महिने टिकली. शेवटी चेस मॅनहॅटन बँकेने कर्ज द्यायचे कबूल केले आणि डिसेंबरच्या अखेरीस मान्यता मिळाली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, पुरुष लढाईवर गेल्यामुळे याच सभागृहात स्त्रियांना कारकुनी कामावर घेतले गेले होते. बाजाराचे काम स्त्रियांना झेपते, हे त्यामुळे बाजाराला चोवीस वर्षे ठाऊक होते. त्याने अडवून धरली होती ती फक्त मालकी.

[दृश्य : १ मे १९७५ची वृत्तपत्रे.]

१ मे १९७५ रोजी अमेरिकेतील बांधलेले दलालीचे दर सरकारी आदेशाने रद्द झाले. ज्या व्यवस्थेत शिरण्यासाठी सीबर्ट यांनी इतका खटाटोप केला होता, ती मोडली त्याच दिवशी त्यांनी आपली पेढी सवलतीच्या दरात सौदे करणारी पेढी म्हणून जाहीर केली. शंभर डॉलरच्या नोटेचे कात्रीने दोन तुकडे करणाऱ्या सीबर्ट पेढीच्या जाहिरातीत दिसतात. वॉल स्ट्रीटवरच्या जुन्या मंडळींना हे रुचले नाही. सीबर्ट यांच्या सौद्यांची देवघेव पूर्ण करून देणाऱ्या पेढीने संबंध तोडले आणि त्यांना नवी व्यवस्था घाईने उभी करावी लागली. आमच्या मते हा त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत धाडसाचा निर्णय होता, कारण या वेळी पणाला लागली होती ती त्यांची स्वतःची मिळकत.

[दृश्य : बँकांच्या इमारती, रांगेत उभे ठेवीदार.]

१९७७ मध्ये गव्हर्नर ह्यू केरी यांनी त्यांना न्यूयॉर्क राज्याच्या बँकांवर देखरेख करणाऱ्या अधीक्षकपदी नेमले. पेढी विश्वस्तांच्या हाती सोपवून त्या सरकारी कामावर रुजू झाल्या. त्या काळात व्याजदर पंधरा टक्क्यांच्याही वर गेले. बचत बँकांनी घरांसाठी कमी दराने वीस-तीस वर्षांची कर्जे देऊन ठेवली होती आणि ठेवीदार मात्र जास्त व्याजाच्या शोधात पैसे काढून नेत होते. सीबर्ट यांनी दुबळ्या बँकांचे बळकट बँकांत विलीनीकरण घडवून आणले. १९८२ पर्यंतच्या त्यांच्या कारकिर्दीत त्यांच्या अखत्यारीतील एकही बँक बुडाली नाही. त्याच वर्षी त्यांनी सिनेटसाठी रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी मिळवण्याचा प्रयत्न केला, त्यात हार पत्करली आणि त्या पुन्हा आपल्या पेढीत आल्या.

[दृश्य : बाजाराच्या इमारतीतील जिने आणि दालने.]

शेअर बाजाराच्या सातव्या मजल्यावर सभासदांची भोजनशाळा होती. सभासदत्व मिळून वीस वर्षे होत आली, तरी त्या मजल्यावर स्त्रियांसाठी स्वच्छतागृह नव्हते. १९८७ मध्ये सीबर्ट यांनी बाजाराच्या अध्यक्षांना कळवले की वर्षअखेरपर्यंत ते बांधले नाही, तर मी उचलून नेता येईल असे स्वच्छतागृह मागवून घेईन. त्यानंतर ते बांधले गेले.

ऑगस्ट २०१३ मध्ये, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. २०१६ मध्ये बाजाराने आपल्या इमारतीतील एका दालनाला त्यांचे नाव दिले. त्याआधी तेथील कोणत्याही दालनाला कोणा व्यक्तीचे नाव दिलेले नव्हते.

[दृश्य : दालनाच्या दारावरील नाव. हळूहळू अंधार.]