पेलाभर चुरमुरे, वाटीभर पेज

नमस्कार श्रोतेहो. चहाबरोबर चुरमुरे खाता ना? जरूर खा. पण 'हलकं' म्हणून सकाळच्या पेजेच्या जागी चुरमुरे बसवणार असाल, तर आधी माझ्या आत्याची गोष्ट ऐका.

आत्या गोव्यातल्या पेडण्याची. मी तेव्हा पणजीला कॉलेजात. आषाढात भाताच्या लावणीला तिच्याकडे गेलो होतो, डोक्यात तब्येत कमावण्याचं नवं वेड. दहाच्या सुमारास सगळे पेजेला बांधावर आले. आत्या म्हणाली, "पेज जेव रे पुता." मी म्हटलं, नको, पेज जड होते, झोप येते. आणि कागदाच्या पुडीतले चुरमुरे काढले. पेलाभर खाल्ले असतील. पुन्हा ऐटीत चिखलात उतरलो.

साडेअकराला हातात तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, जुडी आणि मी चिखलात बसलेलो! गुडघे लटपटत होते. लावणीवाल्या बायका पोट धरून हसल्या. आत्या हसली नाही. पुडीत उरलेले चुरमुरे तिने वाटीत शिगोशीग भरले, वर पाणी ओतलं आणि म्हणाली, "पळय." म्हणजे बघ. बघता बघता ढीग बसला. तळाशी उरला दोन चमचे लगदा. दुसऱ्या वाटीत तिने पेज ओतली, कडेला मिसकुटाची, म्हणजे कैरीच्या लोणच्याची, फोड ठेवली, फणसाचं पान चमच्यासारखं दुमडून माझ्या हातात दिलं. म्हणाली, "हेंय तांदूळ, तेंय तांदूळ. पूण तुज्यांत वारो."

माझ्यात की चुरमुऱ्यांत, ते विचारायची हिंमत झाली नाही.

तर श्रोतेहो, वारा. तापल्या वाळूत दाण्यातल्या पाण्याची वाफ होते आणि दाणा फुलतो. 100 ग्रॅम चुरमुरे घ्या नाहीतर 100 ग्रॅम कोरडा तांदूळ, उष्मांक दोन्हीकडे साडेतीनशेच्या आसपास, प्रथिनं सातेक ग्रॅम. वजनाला सारखे. पण पेलाभर चुरमुरे भरतात जेमतेम 15 ग्रॅम, म्हणजे पन्नास-साठ उष्मांक. पेजेला मूठभर, 50 ग्रॅम तांदूळ घातला तरी पावणेदोनशे. पुन्हा सांगतो, वजनाला सारखे, पेल्याला नाही. शिवाय पेजेबरोबर पाणी आणि मीठ जातं. घाम गाळणाऱ्याला ते हवंच असतं.

पेजेच्या उकड्या तांदळाचं आणखी एक. भात सालासकट उकडताना कोंड्यातलं ब-1 जीवनसत्त्व दाण्यात मुरतं, ते पॉलिश केल्यावरही बरंचसं टिकतं. पांढऱ्याशुभ्र तांदळाचं तसं नाही. आणि हो, पेज कुकरात शिट्ट्या देऊन करणाऱ्यांशी माझं जमत नाही. मडकं नसेल तर टोप घ्या, पण दाणा फुटताना डोळ्यांना दिसला पाहिजे. खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतातल्या, कोरगुट तांदळाची पेज मिळाली तर मग बोलायलाच नको. हल्ली खाजनांची जी दशा आहे... असो, तो विषय पुन्हा कधीतरी.

मधुमेह असेल त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की फुललेला दाणा भराभर पचतो आणि साखर पटकन चढवतो. नुसते चुरमुरे खाण्यापेक्षा त्यात भाजलेले चणे, शेंगदाणे घाला. कांदा घाला, वर लिंबू पिळा.

आत्यासुद्धा संध्याकाळी चुरमुरे खायची, दारात बसून, चिमूट चिमूट, कोंबड्यांना वाटेकरी करून. नमस्कार.