उकाडा गोव्याचा, ऑईल हायब्रिडचं

[दृश्य: रायबंदरचा धक्का. पाऊस. चोडणला जाणाऱ्या गाड्यांची रांग.]

फेरीबोट अजून पलीकडच्या काठाला आहे. रांगेतल्या या हायब्रिड, म्हणजे पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणाऱ्या, गाडीत एसी चालू आहे, पण इंजिन बंद. एसीला वीज बॅटरीतून मिळते. बॅटरी उतरत आली की इंजिन आपणहून सुरू होतं, थोडा वेळ चालतं आणि पुन्हा थांबतं. तेवढ्यात ते पुरतं तापतही नाही.

हायब्रिडचं इंजिन ऑईल निवडताना हीच गोष्ट लक्षात घ्यायची असते. गॅरेजमध्ये सल्ला मात्र वेगळा मिळतो: "आपल्याकडे उकाडा किती! हे पाण्यासारखं पातळ ऑईल टिकायचं नाही. जाड घाला."

[दृश्य: काउंटरवर दोन बाटल्या. पातळ ०डब्ल्यू-१६ आणि जाड १५डब्ल्यू-४०.]

बाहेरचा उकाडा आणि इंजिनातली उष्णता यांत गल्लत होते ती इथे. तापलेल्या इंजिनातलं पाणी थर्मोस्टॅट ८०-९० अंशांच्या आसपास राखतो, मग गाडी पणजीत असो की मनालीत. उलट पणजीतली २५ अंशांची सकाळ ऑईलच्या दृष्टीने थंडच. ०डब्ल्यू-२० ऑईलचा दाटपणा १०० अंशांना साधारण आठ सेंटिस्टोक (दाटपणाचं एकक) असतो, ४० अंशांना पंचेचाळीसच्या आसपास. म्हणजे पाचपटींहून जास्त. २५ अंशांना त्याहूनही जाड. १५डब्ल्यू-४० तर ४० अंशांनाच शंभरी ओलांडतं. साधी पेट्रोल गाडी एकदा तापली की तापलेली राहते. हायब्रिडचं इंजिन मात्र म्हापसा ते पणजी एवढ्या प्रवासातही कितीतरी वेळा थांबतं. त्याचं ऑईल बराच काळ कोमटच राहतं.

आता बाटलीवरचे आकडे. 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, हिवाळा; त्याच्या आधीचा आकडा कडाक्याच्या थंडीतल्या चाचणीचा आहे. शून्यासाठी ती चाचणी उणे ३५ अंशांना होते. गोव्यात शून्य आणि पाच यांत फारसा फरक जाणवणार नाही, हे मान्य. खरा प्रश्न नंतरच्या आकड्याचा. १०० अंशांना २० ग्रेडचा दाटपणा ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक असावा लागतो, १६ ग्रेडचा ६.१ ते ८.२. १५० अंशांना, बेअरिंगमधल्यासारख्या जोरदार घर्षणात, २० ग्रेडने किमान २.६ आणि १६ ग्रेडने किमान २.३ मिलिपास्कल-सेकंद (दाटपणाचंच दुसरं एकक) दाटपणा टिकवायचा असतो. १६ ग्रेड या एसएई मानकात २०१३ साली आला. त्यासाठी नेमलेलं इंजिन बेअरिंगची फट, ऑईल पंप, व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा असं सगळं धरूनच बनवलेलं असतं. त्यात जाड ऑईल घातलं तर ते अरुंद वाटांतून उशिरा पोचतं, पंपावर ताण येतो आणि ज्यासाठी जास्तीचे पैसे मोजले ते मायलेज घटतं. इंजिन लगेच बसत नाही, म्हणूनच "आम्ही घालतो, काही होत नाही" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात.

[दृश्य: चोरला घाट. सामानाने भरलेली गाडी.]

एक सवलत आहे. ०डब्ल्यू-१६ नेमलेल्या कित्येक गाड्यांच्या पुस्तिकेत, ते न मिळाल्यास ०डब्ल्यू-२० चालेल, पुढच्या बदलीला पुन्हा १६ घाला, असं लिहिलेलं असतं. भरल्या गाडीने सतत घाट चढणाऱ्यांनी पुस्तिकेतलं जास्त भाराबद्दलचं वाक्यही वाचावं. मुभा असेल तर एक पायरी वर जायचं. थेट ४० वर उडी नको.

बाटलीवर ग्रेडसोबत एपीआय या अमेरिकी संस्थेचा एसपी किंवा त्यानंतरचा दर्जा पाहा. ०डब्ल्यू-१६ वर ढालीचं चिन्ह असतं, ०डब्ल्यू-२० वर काटेरी कडांचं गोल चिन्ह. मोटरसायकलसाठीचं जासो एमए दर्जाचं ऑईल यात घालू नका. क्लच घसरू नये म्हणून त्यात घर्षण कमी करणारी द्रव्यं टाळलेली असतात, आणि इथे तीच हवी असतात.

[दृश्य: ऑईलचं टोपण उघडलं जातं. आतल्या बाजूला पिवळसर साय.]

पावसाळ्यात ही साय दिसली की लोक घाबरतात. दमट हवेतलं आणि जळणातून झालेलं पाणी थंड इंजिनात साठतं, ऑईलमध्ये घुसळलं जातं आणि टोपणाखाली चिकटतं. कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची) पातळी कायम असेल तर आठवड्यातून एकदा महामार्गावर अर्धा-पाऊण तास सलग गाडी चालवा. कूलंट घटत असेल तर मात्र मामला हेड गॅस्केटचा (इंजिनाच्या दोन भागांमधल्या सीलचा) असू शकतो; मेकॅनिक गाठा. डिपस्टिकवर (ऑईल मोजायच्या पट्टीवर) पातळी आपोआप वाढली आणि पेट्रोलचा वास आला, तर ऑईलमध्ये पेट्रोल उतरतं आहे. तेव्हा जाड ऑईल घालणं हा उपाय नव्हे. ऑईल बदला आणि पेट्रोल का उतरतं ते तपासून घ्या. एकूणच छोट्या फेऱ्यांच्या गाडीला किलोमीटरपेक्षा महिने मोजावेत. दहा हजार झाले नाहीत म्हणून दुसरा पावसाळा त्याच ऑईलवर काढू नये.

[दृश्य: सपाट जागा. बोनेट उघडं.]

पातळी पाहताना हायब्रिडमध्ये एक धोका विशेष असतो. गाडी चालू असल्याचा 'रेडी' दिवा लागलेला असेल तर शांत इंजिन कधीही फिरू लागेल आणि हात फिरत्या भागांत सापडेल. गाडी पूर्ण बंद करा, किल्ली लांब ठेवा. इंजिन तापलेलं असावं. बंद केल्यावर पाचेक मिनिटं थांबा, पट्टी पुसून पुन्हा बुडवा, मग वाचा.

बदली करताना ड्रेन बोल्टचा वॉशर नवा घ्या. फिल्टरसकट किती ऑईल लागतं तो आकडा पुस्तिकेत पाहा आणि त्याहून अर्धा लिटर कमी ओता. इंजिन थोडं चालवून, बंद करून पट्टी पाहा आणि वरच्या खुणेपर्यंत हळूहळू भरा. खुणेच्या वर गेलेलं ऑईल काढूनच टाकावं लागतं, कारण फिरता क्रँकशाफ्ट (इंजिनाचा मुख्य दांडा) त्याचा फेस करतो आणि फेस झालेलं ऑईल पंपाला नीट ओढता येत नाही.